पळसाची पानं, देठासकट

"मुंबईला फुलं बघायला चाललेय," असं मी सांगितलं तेव्हा वाईतल्या आमच्या आळीत जो हशा पिकला, तो एस.टी. सुटेपर्यंत चालू होता. "मुंबईत फुलं फक्त गजऱ्यात असतात हो बाई," असं शेजारच्या सुमतीबाई म्हणाल्या. कोयनेचा भूकंप आदल्याच हिवाळ्यात होऊन गेला होता. भिंतींच्या भेगा अजून बुजवायच्या होत्या, आणि शाळेतली बाई सुट्टी लागताच त्या भेगा तशाच टाकून झाडं हुंगत फिरायला निघते, याचं त्यांना नवल वाटणं साहजिक होतं. त्या सगळ्यांसाठीच हे लिहिते आहे. फुलं पाहिली. आणखीही काही पाहिलं, त्यालाही हसू आलं तर खुशाल हसा.

मुंबईच्या गाडीतून मी मुलुंडच्या नाक्यावर उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका बाजूला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला डोंगर. डोंगर एवढा जवळ असेल असं वाटलं नव्हतं. अंगावर एक हिरवं पान नाही, सगळा भाजून तपकिरी झालेला, आणि मधूनच हाडासारखी पांढरी झाडं हात वर करून उभी. ती कांडोळाची झाडं. वैशाखात पानं नसतात आणि साल पांढरीफटक असते, म्हणून इकडे त्याला भुत्या (भुताचं झाड) म्हणतात.

नाक्यावर कुसुम न्यायला आली होती. कुसुम माझी वाईच्या शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन मुलुंडला आली आणि इथल्या प्राथमिक शाळेत शिकवू लागली. कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. हे मुद्दाम सांगते, कारण तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच डोंगरात गेला तो परत आला नाही.

माधवराव भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होते. रविवार आला की झाडं पाहायला डोंगरात. त्या रविवारी कौशी फुलली का ते बघून येतो म्हणाले. (कौशी म्हणजे पान झडलेल्या फांद्यांवर शेंदरी फुलं येणारं झाड. सबंध झाड पेटल्यासारखं दिसतं.) संध्याकाळी आले नाहीत. शेजारपाजारचे, कारखान्यातले, पोलीस, सगळ्यांनी डोंगर पालथा घातला. चप्पल नाही, पिशवी नाही, काही नाही. कोणी म्हणालं बिबळ्यानं नेलं, कोणी म्हणालं संन्यास घेतला, आणि सुरतेला दुसरं घर आहे असंही लोकांनी बोलून घेतलं. वाई काय आणि मुलुंड काय, पळसाला पानं तीनच. कुसुमनं कुंकू पुसलं नाही.

पहिले दोन दिवस आम्ही जवळपास भटकलो. गावठाणाच्या कडेनं पांगाऱ्याची शेवटची लाल फुलं होती. बहावा नुकताच पिवळा व्हायला लागला होता. सकाळी एका ओढ्यात कुंभ्याची मोठी गुलाबी-पांढरी फुलं पडलेली दिसली. हे झाड रात्री फुलतं आणि उजाडायच्या आत फुलं टाकून मोकळं होतं, म्हणून आमच्यासारख्या आळशांना ती खालीच भेटतात. कुसुम भराभर नावं सांगत होती. नवऱ्याकडून शिकलेली. "हे म्हणायचे कुंभ्याचं फूल उचलू नये, जिथं पडलंय तिथंच बघावं," असं बोलता बोलता ती म्हणून जायची आणि मी दुसरीकडे बघायची.

दुसऱ्या संध्याकाळी तिचे धाकटे दीर आले. भास्करभाऊजी वाईट माणूस नाहीत. घामेजलेले, दमलेले, बायकोनं शिकवलेलं वाक्य तोंडात घोळवत बसलेले. त्यांची मुलगी लग्नाची झाली होती. दोन स्थळं आली आणि परत गेली, कारण मुलीच्या काकाचं काय झालं ते कोणी धड सांगू शकत नव्हतं.

"वहिनी, बारा वर्षं पुरी झाली," ते चहाच्या कपाकडे बघत म्हणाले. "गुरुजींनी दिवस काढून दिलाय. पालाशविधी करून टाकू. दादा सुटेल, आपण पण सुटू."

हा विधी मला तोवर फक्त ऐकून माहीत होता. माणूस गेला पण देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ, हातापायांच्या जागी देठ. मग त्याला अग्नी द्यायचा. तो माणूस त्या क्षणापासून मेलेला, आणि त्याची बायको विधवा.

"बाजारात पत्रावळीची पानं मिळतात, पण त्यांना देठ नसतात," भाऊजी म्हणाले. "देठासकट हवीत. कोणाला तरी डोंगरात पाठवतो."

"कोणाला पाठवू नका," कुसुम म्हणाली. "मी आणीन."

भाऊजींनी कप खाली ठेवला. ते गेल्यावर मी तिच्यावर चिडले. हे काम तू का अंगावर घेतेस, असं विचारलं. ती भांडी घासत होती. "मी आणली नाहीत तर होणार नाही ना काही," एवढंच म्हणाली. त्यावरून ती पानं आणायला निघाली आहे की न आणायला, हे मला कळेना. मला वाटतं तिलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. दोघींच्या पिशव्यांत भाकरी, लसणाची चटणी, कांदा आणि पाण्याच्या बाटल्या. वस्ती संपली तशी पायवाट चढायला लागली. धायटीचे लाल तुरे, मग पांढऱ्या कुड्याची फुलं. एका खडकाआड अंजनी दिसली आणि मी अक्षरशः ओरडले. काळपट फांद्यांना चिकटून निळ्याजांभळ्या फुलांचे गुच्छ. त्या भाजलेल्या डोंगरात तो निळा रंग कुठून आला असेल ते देव जाणे. जरा पुढे कांडोळाची लाल, चांदणीसारखी फळं खाली पडलेली होती. सुंदर दिसतंय म्हणून मी उचललं आणि बोटांत त्याची बारीक लव घुसली. अर्धा तास खाजवत होते. कुसुम हसली. त्या दिवशी ती हसली ती तेवढीच.

वाटेत एक बाई करवंदं काढत बसली होती. जवळच्या पाड्यावरची वारली, कंबरेला कोयता, पुढ्यात टोपली. तिनं पानाच्या द्रोणात करवंदं दिली आणि बदल्यात तंबाखू मागितली. आमच्याकडे तंबाखू नव्हती, तेव्हा भाकरीवर भागवलं. मी तिला विचारलं, "पळस कुठं भेटेल?"

"माथ्याव हाय. लय हाय." मग कुसुमच्या कुंकवाकडे बघून म्हणाली, "पन दुपारची तिथं बसू नका. तिथं हाक येते."

"कोणाची हाक?"

"ज्याची त्याला," ती म्हणाली आणि पुन्हा करवंदं काढायला लागली. मला हसू आलं, पण कुसुम हसली नाही म्हणून मी ते गिळलं.

ऊन चढलं तसे पक्षी गप्प झाले. आधी ते लक्षात येत नाही. वाळलेल्या पानांवर आपल्याच पावलांचा चर्र चर्र आवाज, आणि आपण थांबलो की तो एक पाऊल उशिरा थांबतो असं वाटत राहतं. मी दोन-तीनदा मागे वळून पाहिलं. वाट मोकळी होती.

मग वास आला. मेलेल्या जनावराचा, कुजलेला, गोडसर वास. मी पदर नाकाला लावला. कुसुम जागच्या जागी उभी राहिली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"घाबरू नकोस," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघत नव्हती. "झाडच आहे. वर बघ."

खरंच, वर जंगली बदामाचं भलंमोठं झाड होतं. नागव्या फांद्यांच्या टोकाला विटकरी रंगाची फुलं, आणि त्यांना हा असला वास. माश्यांचं मोहोळ घोंगावत होतं.

"त्या वेळी शोधत होतो ना, तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी मला हाच वास आला," कुसुम म्हणाली. "मी सगळ्यांच्या पुढे धावले. म्हटलं, सापडले. आणि येऊन बघते तर हे झाड फुललेलं. शांते, मला इतका आनंद झाला. मी या झाडाला मिठी मारली. आणि आता वाटतं, तेव्हा सापडले असते तर बरं झालं असतं."

मी तिचा हात धरला आणि आम्ही निघालो.

माथा समोरच दिसत होता. आम्ही सरळ चढत गेलो, एक ओहोळ ओलांडला, आणि पुन्हा तो वास आला. वर तेच झाड. मी म्हटलं, डावीकडे वळलो असू. या वेळी उजवीकडून गेलो, माथा नजरेआड होऊ दिला नाही. थोड्या वेळानं पुन्हा माश्यांची घुंघुं, पुन्हा तेच झाड, आणि खाली आमच्याच पावलांनी तुडवलेली फुलं. याला चकवा लागणं म्हणतात. मुलांना भूगोल शिकवणारी मी बाई, दिशा सूर्यावरून ओळखता येतात असं फळ्यावर लिहून देणारी. पण सूर्य बरोबर डोक्यावर होता आणि सावली पायाखाली शिरली होती. चकव्यावर उपाय म्हणून चपला उलट्यासुलट्या घालतात. मी डावी चप्पल उजव्या पायात घातली, उजवी डाव्यात. कुसुमनंही तशाच घातल्या. दोघी फेंगडत, अडखळत चढलो आणि या खेपेला माथ्यावर निघालो. वाईकरांनो, हसायची जागा हीच.

माथ्यावर नुसता पळस होता. फुलांचा हंगाम सरला होता, वाळून काळी पडलेली फुलं खाली पसरली होती, आणि सगळ्या झाडांना कोवळी, पोपटी, लुसलुशीत पानं फुटलेली. एवढ्या करपलेल्या डोंगरात तेवढंच हिरवं. पलीकडे दरीत लांब तळ्याचं पाणी चमकत होतं. आम्ही सावलीला बसलो. भाकरी सोडली.

तेवढ्यात हाक आली.

"अगं ए!"

पुरुषाचा आवाज. खालच्या झाडीतून, फार लांबून नाही. मी ऐकला, माझ्या या कानांनी ऐकला. कुसुमच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"लाकूडतोड्या असेल," मी म्हटलं. "बायकोला हाक मारतोय."

"असेल," ती म्हणाली. "हेही मला 'अगं'च म्हणायचे. सगळेच म्हणतात."

तिनं भाकरी परत फडक्यात गुंडाळली. मग एकदम बोलायला लागली. "शोधायला आलो तेव्हा सगळे नावानं हाका मारत होते. भाऊजी 'दादा, दादा' म्हणत होते, कारखान्यातले 'माधवराव' म्हणत होते. मी काय म्हणत होते माहितीये? 'अहो'. एवढ्या मोठ्या डोंगरात मी 'अहो, अहो' करत फिरले. सासूबाई होत्या, दीर होते, चार पुरुष होते. नाव कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. अहो म्हटल्यावर कोण ओ देणार, शांते? जगातल्या सगळ्या बायकांचे अहो. ह्यांना कळलंच नसेल मी आलेय ते."

तेव्हा मला कळलं ती इथं कशाला आली होती. पानं हा नंतरचा भाग होता.

ती उठली, पदर खोचला आणि दरीकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्यांदा नुसता श्वास बाहेर पडला. पंचेचाळिशी गाठलेली, वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारी बाई, आणि तीन अक्षरं तोंडातून निघेनात. मला रडू आलं. मग तिनं हाक मारली.

"माधऽऽव!"

डोंगर गप्प. तिनं पुन्हा मारली. वाळकी पानं कुठंतरी सरसरली आणि थांबली. तिसऱ्या वेळी ती अशी ओरडली की मानेच्या शिरा ताठ झाल्या.

आणि खालून उत्तर आलं. "ओऽऽ!"

कुसुम चालायला लागली. धावली नाही, कोणी बोलावल्यावर जावं तशी सरळ कड्याच्या दिशेनं निघाली. उतारावर वाळक्या पानांचा जाड थर होता, एकदा पाय घसरला की थेट दरी. मी तिचा पदर पकडला, तो टरकन फाटला. "कुसुम!" म्हणून मी किंचाळले. ती कडेला थांबली. मान जरा वाकडी करून ऐकत राहिली, कालपरवा पक्ष्याचा आवाज ओळखताना करत होती तशी.

"ओऽऽ!" पुन्हा आलं. या वेळी जवळून.

ती वळली आणि माझ्याकडे परत आली. चेहऱ्यावर भीती नव्हती. फार थकलेली दिसली.

"ते नाहीत," ती म्हणाली.

"आवाज कोणाचा मग?"

"आवाज ह्यांचाच आहे. पण हे कधी 'ओ' देत नसत गं. घरात कुठूनही हाक मार, 'आलो गं' म्हणायचे. एकदासुद्धा 'ओ' नाही म्हणाले."

मग तिनं हात वर करून फांदी वाकवली आणि पहिलं पान खुडलं. नीट, बुडापासून, देठासकट.

मी नंतर मनाची पुष्कळ समजूत घातली. नाव लांबवून ओरडलं की शेवटचा 'व' दरीवर आपटून 'ओ' होऊन परत येतो. हे शास्त्राला धरून आहे. फक्त पहिल्या दोन हाकांना तो का आला नाही, आणि शेवटचा 'ओ' कुणीही ते नाव घेतलेलं नसताना कसा आला, ते शास्त्रात मला सापडलेलं नाही.

दोन्ही पिशव्या भरल्या आणि आम्ही उतरलो. मी पुढे, ती मागे. घाईत भलत्याच अंगानं उतरलो आणि पवईच्या बाजूला एका गावठाणात निघालो. वेशीवर दगडी क्रूस, चार-दोन कौलारू घरं, अंगणात सुकत घातलेल्या मिरच्या. लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी दारात बसली होती.

"कंशी आयल्या गो बायांनू?" (कुठून आलात?) तिनं विचारलं आणि न मागता पाण्याची कळशी आणली. पाणी पिताना तिची नजर पिशव्यांकडे गेली. "एवढी पानां? पत्रावळीना काय? लगीन हाय घरान?"

"हो," कुसुम म्हणाली. "पुतणीचं करायचंय."

म्हातारीनं खुशीत येऊन आम्हाला गूळ दिला. आम्ही तो खाल्ला.

विधी ठरलेल्या दिवशी झाला. बायका घाटावर जात नाहीत, म्हणून आम्ही घरीच होतो. बांगड्या उतरवायला शेजारणी यायच्या होत्या, त्यांचा मला इतका राग आला होता की मी दाराला कडी लावून उभी होते. पण त्या यायच्या आत कुसुमनं मोरीत जाऊन कपाळ धुतलं, बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या आणि भात टाकला. संध्याकाळी भाऊजी राख लागलेल्या पायांनी आले आणि लहान मुलासारखे रडले. तिनंच त्यांना पाणी दिलं.

मी निघाले त्या दिवशी ती नाक्यावर सोडायला आली. मोकळं कपाळ बघायची मला अजून सवय झाली नव्हती. गाडी लांबून येताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "एक सांगू? कोणाला सांगितलं नाहीये."

"सांग ना."

"परवा उतरत होतो, तू पुढे होतीस. तेव्हा मागून, अगदी मागून, कोणीतरी म्हणालं, 'आलो गं.'"

माझी पिशवी हातातून सुटली. "मग?"

"मग काय," कुसुम म्हणाली. "पानं खुडून झाली होती ना."

तिनं पिशवी उचलून माझ्या हातात दिली, मला गाडीत बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत उन्हात उभी राहिली. पनवेल गेलं, खंडाळ्याचा घाट आला. घाटात बहावा ऐन भरात होता, बाकीचे प्रवासी एकमेकांना दाखवत होते. मी एकाही झाडाकडे पाहिलं नाही. तो आवाज खरा होता की तिच्या मनाचा, हे मला ठाऊक नाही आणि मी कधी तिला विचारणारही नाही. ती शहाणी, की तिनं आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली, याचाही मला निवाडा करता येत नाही. एवढंच सांगते, तिच्या जागी मी असते तर वळून पाहिलं असतं.